खिळ्यांची छपाई: देवनागरी जुळणी, दाब, शाई, कागद

वेलांटी
लेटरप्रेसबद्दल, म्हणजे उठावाच्या अक्षरांना शाई लावून दाबाने छापण्याबद्दल, हल्ली पुष्कळ लिहिलं जातं, पण बहुतेक वेळा "अक्षर बोटाला लागतं" इथेच गाडी थांबते. हा धागा प्रत्यक्ष कामासाठी आहे. देवनागरी मजकूर आज खिळ्यांनी (धातूच्या सुट्या अक्षरांनी) किंवा प्लेटवर छापायचा तर काय लागतं, कुठे बिघडतं आणि का बिघडतं.

सुरुवात ओळखीपासून. दहापट भिंग घ्या आणि एखादं काळं अक्षर बघा. खिळ्याने उमटलेल्या अक्षराच्या कडेला शाईची गडद किनार असते आणि आत रंग किंचित फिका, कारण दाबाखाली शाई मधून सरकून कडेला जाते. ऑफसेटमध्ये अशी किनार नसते, अक्षर कडेपर्यंत सपाट. लेझर प्रिंटमध्ये कडेबाहेर टोनरच्या पुडीचे सुटे कण दिसतात.

देवनागरीत आणखी एक खूण आहे, शिरोरेषेची. खिळ्यांच्या जुळणीत प्रत्येक अक्षर आपला शिरोरेषेचा तुकडा स्वतःसोबत आणतं. "कमळ" या शब्दात तीन तुकडे शेजारीशेजारी उभे राहतात. भिंगाखाली त्यांच्यामध्ये केसाएवढी फट दिसते, कधी एक तुकडा शेजारच्यापेक्षा जरा वर. खिळे झिजलेले असतील तर फट साध्या डोळ्यांनाही दिसते. जुन्या मराठी पुस्तकाचं पान जिवंत वाटतं त्यात या सांध्यांचा मोठा वाटा आहे असं मला वाटतं.

तीन मुद्दे चर्चेला: खिळे घ्यावेत की पॉलिमर प्लेट (प्रकाशाने कडक होणारी, अख्खा मजकूर एकत्र असलेली प्लेट), दाब किती द्यावा, कागद कोणता.

दहा_पॉइंट
जुळणीपासून लिहितो, कारण बाकी सगळं तिच्यावर उभं आहे.

इंग्रजी जुळणी दोन केसांत (खिळे ठेवायच्या खणांच्या पेट्यांत) भागते. देवनागरीला साधारण चार केसा मांडाव्या लागतात. जोडाक्षरं, अर्धी अक्षरं, रफार, उकार, मात्रा यांना वेगवेगळे खण. पद्धती मुख्यतः दोन. अखंड पद्धतीत अक्षर पूर्ण उंचीच्या खिळ्यावर असतं, मात्रा-उकारासकट, त्यामुळे खिळ्यांचे प्रकार वाढतात. डिग्री पद्धतीत मूळ अक्षर एका खिळ्यावर, वरची मात्रा आणि खालचा उकार वेगळ्या बारीक खिळ्यांवर. प्रकार कमी, पण ओळ तीन थरांत रचायची. जिथे मात्रा नाही तिथे तेवढाच कोरा तुकडा भरायचा, नाहीतर ओळ आवळली जात नाही. खिळ्यांची संख्या कमी व्हावी म्हणून लोकमान्य टिळकांनी प्रयत्न केले आणि सावरकरांनी अ-च्या बाराखडीचा (अि, अी, अु) आग्रह धरला, त्यामागे हीच अडचण होती.

जुळवताना स्टिक (ओळ रचायची हातात धरायची पट्टी) डाव्या हातात, अंगठा शेवटच्या खिळ्यावर. खिळ्याच्या अंगावर एका बाजूला खाच असते, तिला निक म्हणतात. निक वर ठेवून डावीकडून उजवीकडे जुळवत जायचं, म्हणजे अक्षरं डोक्यावर उभी दिसतात आणि शिरोरेषा खाली येते. निक बोटाला लागते, म्हणून खिळा उलटा आहे का हे न बघता कळतं. दुसऱ्या संचाचा खिळा घुसला तर त्याची निक रांगेत बसत नाही आणि ओळीवर नजर टाकली की तो लगेच सापडतो.

आता देवनागरीची खास अडचण. रोमनमध्ये ओळ भरायला कमी पडली तर अक्षरांमध्ये बारीक स्पेस टाकून ती ताणता येते. देवनागरीत ते चालत नाही, शिरोरेषा तुटते. ओळ भरायची ती फक्त शब्दांमधल्या जागेत, नाहीतर शब्द तोडून. म्हणून अरुंद रकान्यात मराठी जुळणी अवघड जाते. १० पॉइंटच्या खिळ्यांना २० पायका रुंदी सोयीची पडते, १२ पायकांत शब्दांमध्ये खड्डे दिसू लागतात. १२ पॉइंट म्हणजे १ पायका, आणि १ पॉइंट साधारण ०.३५ मिमी.

ओळ बरोबर भरली की नाही याची कसोटी साधी आहे. स्टिक किंचित पुढे कलती करा. ओळ आधाराशिवाय उभी राहिली पाहिजे, आणि तरीही बोटाने ढकलल्यावर हलली पाहिजे. सैल ओळ चेसमध्ये (मजकूर आवळून धरणाऱ्या लोखंडी चौकटीत) आवळताना मधून निसटते. जास्त घट्ट ओळ शेजारच्या ओळींना दाब मिळू देत नाही, मग त्या सैल राहतात आणि त्यांतले खिळे गळतात. दोष एका ओळीत, परिणाम तिसऱ्याच ओळीत.

शिळा_आणि_खिळा
वेलांटी, ओळखीत एक भर. मराठीत शिळाप्रेस आणि खिळे यांची गल्लत फार होते. गणपत कृष्णाजींचं १८३१ चं मराठी पंचांग शिळाप्रेसवरचं आहे, म्हणजे दगडावर हाताने लिहून छापलेलं. खिळ्यांनी मराठी त्याआधीच छापलं जात होतं, १८०५ मध्ये बंगालमधल्या श्रीरामपूरला मिशनरी विल्यम केरीचं मराठी व्याकरण निघालं ते खिळ्यांवरच. जावजी दादाजींनी निर्णयसागर छापखाना १८६९ मध्ये काढला आणि त्यांच्या ओतशाळेच्या खिळ्यांचं वळण पुढे मराठी वाचकांच्या डोळ्यांत बसलं. पंच (अक्षराचे पोलादी मूळ ठसे) कोरणारे राणोजी रावजी आरू यांचं नाव इथे घ्यायलाच हवं.

ओळखायचं असं. शिळाप्रेसच्या पानावर दोन "क" कधीच तंतोतंत सारखे नसतात, कारण ते लिहिलेले असतात. खिळ्यांच्या पुस्तकात सगळे "क" सारखे, पण एखादा टवका उडालेला "क" काही पानांनी पुन्हा भेटतो. एकाच संचाचे खिळे वापरून, परत खणात टाकून, पुढचा फर्मा (एका वेळी छापायचा आवळलेला मजकूर) जुळवला जायचा. असा एखादा जखमी खिळा धरून त्याचा पुस्तकभर माग काढता येतो. अभ्यासकांनी जुनी पुस्तकं एकमेकांशी ताडून बघण्याची ही रीत मराठीत अजून पुरती वापरलेली नाही.

फर्मा
आवळणी आणि दाब यावर लिहितो. बिघाड इथेच सर्वांत जास्त होतात.

जुळलेला मजकूर गॅलीतून (तो ठेवायच्या लांबट ट्रेमधून) आवळणीच्या सपाट दगडावर सरकवायचा, भोवती चेस ठेवायची, मधली जागा फर्निचरने (कोऱ्या ठोकळ्यांनी) भरायची. लाकडी फर्निचर पावसाळ्यात फुगतं आणि काटकोन सोडतं, जमलं तर धातूचं घ्या. क्वाइन (आवळायच्या पाचरी) दोन बाजूंनाच, खाली आणि उजवीकडे. क्रम मोडू नका: आधी क्वाइन फक्त हाताने लागेपर्यंत, मग सपाट लाकडी ठोकळा ठेवून मोगरीने हलके ठोके म्हणजे सगळे खिळे पायावर बसतील, मग किल्लीने थोडं आवळा, पुन्हा ठोकळा, मग शेवटचं आवळा. आधी आवळून नंतर ठोकलं तर वर राहिलेला खिळा खाली जातच नाही, त्याचं तोंड चेपतं.

चाचणीसाठी चेसच्या एका कोपऱ्याखाली क्वाइनची किल्ली सरकवा आणि बोटांनी मजकूर दाबून बघा. जे खिळे खाली सरकतात ते सैल. तिथे पितळी किंवा कागदी पातळ स्पेस घाला. सैल जागा सापडली म्हणून क्वाइन अजून पिळू नका. जास्त पिळलं की फर्मा मधून फुगतो, मधले खिळे वर येतात, आणि छापल्यावर पान मधोमध काळं आणि कडेला फिकट.

आता पॅकिंग, म्हणजे छपाईच्या कागदामागचा भराव. खिळ्याची उंची ०.९१८ इंच, म्हणजे २३.३ मिमी. ट्रेडलवर (छोट्या, मिटणाऱ्या छपाई यंत्रावर) साध्या कागदासाठी पॅकिंग साधारण १ मिमी: वर टिंपन कागद (भरावावर ताणून बसवलेला कागद) एक, खाली छपाईच्या कागदाचे तीन ताव, मध्ये एक कडक प्रेसबोर्ड (पुठ्ठा). जाड कार्ड छापायचं असेल तर त्याच्या जाडीएवढं पॅकिंग आधी काढा. ०.५ मिमीचं कार्ड असेल तर प्रेसबोर्ड बाहेर. हे विसरलं तर पहिल्याच दाबाला खिळ्यांची तोंडं बसतात आणि ती पुन्हा वर येत नाहीत.

ट्रेडल शिंपल्यासारखं मिटतं. पॅकिंग जास्त झालं की बिजागरीकडची, म्हणजे खालची बाजू आधी टेकते, आणि पान खाली जड, वर हलकं उमटतं. असं दिसलं की लोक प्लेटनचे (दाब देणाऱ्या सपाट तक्त्याचे) बोल्ट फिरवायला जातात. तसं करू नका. आधी पॅकिंगचा एक ताव काढून बघा, दहातल्या नऊ वेळा तेवढ्याने जमतं.

मग मेकरेडी, म्हणजे ठसा सगळीकडे सारखा आणणं. कमीत कमी दाबाने एक प्रत काढा. जे फिकट आलं त्यावर पेन्सिलने घेरा करा, तेवढ्याच आकाराचा पतंगी कागद, साधारण ०.०२५ मिमी, टिंपनखालच्या तावावर नेमक्या जागी चिकटवा. एका वेळी एकच थर. शेकडो खिळे वेगवेगळे झिजलेले असतील तर दोन-तीन तास यात जातात, आणि ते जायलाच हवेत.

कागदवेडी
एकसारखा ठसा हेच कौशल्य असेल तर लग्नपत्रिकांवर जो खोल खड्डा मागतात त्याचं काय? जुन्या कामात मागच्या बाजूला हात फिरवला तर काही लागत नाही.

दहा_पॉइंट
बरोबर. जुना नियमच तो: शाई पूर्ण बसावी, मागे उठाव दिसू नये. पानाच्या दोन्ही बाजू छापायच्या असल्या की खोल दाब परवडत नाही, मागची अक्षरं पुढे येतात. शिवाय खिळ्यांचा धातू मऊ. शिसं, अँटिमनी आणि कथील यांचं मिश्रण. अँटिमनी कडकपणा आणतं आणि थंड होताना आकसणं कमी करतं म्हणून अक्षराच्या कडा धारदार येतात, पण कापसाच्या जाड कार्डात शेकडो वेळा घुसवायला तो धातू केलेलाच नाही.

देवनागरीत धोका आणखी मोठा. रफार आणि वेलांटीचं टोक पुष्कळ खिळ्यांवर अंगाबाहेर लटकतं, त्याला खाली आधार नसतो, ते शेजारच्या खिळ्याच्या खांद्यावर टेकतं. शेजारी चुकीचा उंच तुकडा आला किंवा दाब वाढला की टोक मोडतं. "कीर्ती" मधला रफार गेला की "कीती" उरतं, आणि तो खिळा आज नवा मिळवणं फार कठीण आहे.

माझं मत स्पष्ट आहे. खोल दाब हवा असेल तर खिळे वापरू नका, पॉलिमर प्लेट करा. जुने देवनागरी खिळे जपून, हलक्या दाबाने, चांगल्या पातळ कागदावर वापरा.

प्लेटमेकर
पॉलिमरची मापं देते, पुष्कळांचं इथेच चुकतं.

प्लेट ०.९५ मिमी, चिकटपट्टी ०.१३ मिमी, खालचा ॲल्युमिनियमचा बेस २२.२ मिमी. बेरीज २३.३ मिमीच्या आत-बाहेर, म्हणजे खिळ्याच्या उंचीला. लाकडी ठोकळ्यावर प्लेट चिकटवून काम भागवतात, पण लाकूड ऋतूप्रमाणे हलतं आणि रोज मेकरेडी बदलावी लागते.

निगेटिव्ह फिल्म अशी हवी की इमल्शनची (मजकुराचा थर असलेली) बाजू आपल्याकडे असताना मजकूर सरळ वाचता यावा. मग इमल्शन खाली, प्लेटला चिकटून. उलटं ठेवलं तर फिल्मच्या जाडीएवढी फट राहते, प्रकाश तिरका घुसतो आणि अक्षर फुगतं. शिवाय प्लेटवर मजकूर सरळ येतो, म्हणजे छापल्यावर उलटा. प्रकाश दिल्यावर कोमट पाण्यात मऊ ब्रशने दोन-तीन मिनिटं धुणं, साधारण ६० अंशांवर दहा मिनिटं वाळवणं, मग पुन्हा प्रकाश. शेवटचा प्रकाश टाळला तर प्लेट चिकट राहते आणि कागदाचे तंतू उचलते.

देवनागरीसाठी तीन गोष्टी बघा. पहिली, अनुस्वार. सुटा ठिपका १ पॉइंटपेक्षा लहान असेल तर त्याला तळाशी पुरेसा पाया मिळत नाही आणि धुताना तो वाहून जातो. नुक्ता आणि चंद्रबिंदूचंही तेच. "अंत" चा "अत" झालेला धुतलेल्या प्लेटवर लगेच लक्षात येत नाही, म्हणून प्लेट तिरक्या उजेडात धरून अनुस्वार मोजा. दुसरी, पोट बुजणं. ष्ट, द्ध, क्ष, ज्ञ यांतल्या बारीक पोकळ्यांत शाई भरते. भरपूर जोडाक्षरांचा मजकूर १२ पॉइंटखाली नेऊ नका. तिसरी, फॉण्ट. पडद्यावर नाजूक दिसणारी शिरोरेषा फार बारीक असेल तर छापताना तुटक येते आणि जाड दांडा मात्र शाईने फुगतो. जाड-बारीक फरक कमी असलेला फॉण्ट घ्या, मुक्ता चांगला चालतो. फाइल देण्याआधी अक्षरांचं आउटलाइनमध्ये रूपांतर करा, नाहीतर दुसऱ्या संगणकावर जोडाक्षरं सुटून पाय मोडलेली अक्षरं येतात.

वेलांटी
@प्लेटमेकर, प्लेटवर शिरोरेषा सलग येते, सांधे दिसत नाहीत. मग त्याला खिळ्यांची छपाई म्हणावं का?

प्लेटमेकर
खिळ्यांची नाही, लेटरप्रेसची मात्र नक्की. उठावावर शाई, त्यावर कागद, दाब, ही क्रिया तीच आहे, आणि भिंगाखालची गडद किनारही येते. सांधे फाइलमध्ये मुद्दाम घालू नयेत. छपाईत जे आपोआप घडत नाही ते रंगवून दाखवणं मला पटत नाही.

हातकागद
कागदाचं. यंत्राच्या कापसाच्या कागदाला ३०० जीएसएम (चौरस मीटरला ग्रॅम) दोन्ही कामांना बरा, खोल दाबाला ६०० पर्यंत जातात. हातकागद घेणार असाल तर पुण्याची हातकागद संस्था १९४० पासून या कामात आहे. त्याबद्दल सांगण्यासारखं पुष्कळ.

एक, एकाच तावाची जाडी ठिकठिकाणी बदलते. त्यामुळे एका प्रतीवर जमवलेली मेकरेडी पुढच्या प्रतीवर नेमकी बसत नाही. ताव वजनाने निवडून ढीग करा आणि प्रत्येक ढिगाला वेगळा दाब ठेवा. दोन, नैसर्गिक कड खुणेच्या (कागद टेकवायच्या) पिनांना सारखी टेकत नाही आणि दुसरा रंग सरकतो. दोन बाजू कापून घ्या, त्या पिनांना लावा, कड शोभेची उरलेल्या दोन बाजूंना ठेवा. तीन, फुलांच्या पाकळ्या किंवा गवत घातलेला कागद खिळ्यांखाली घालू नका. कडक देठ अक्षराखाली आला की धातूवर वळ उठतो.

सरस चढवलेला कडक कागद कोरडा छापला तर शाई वरच राहते आणि दाब वाढवावासा वाटतो. त्याऐवजी कागद ओलवा. एक ताव ओलसर, दोन कोरडे, पुन्हा एक ओलसर, असा थर रचून वर पाट आणि वजन, रात्रभर. सकाळी हाताला थंड लागावा, ओला नाही. मग निम्म्या दाबात अक्षर सुबक बसतं. ओलवलेला कागद दुसऱ्या दिवसापलीकडे ठेवू नका, आपल्या हवेत बुरशी लगेच धरते.

मुद्रितशोधक
गॅली प्रूफ (आवळण्याआधी काढलेली तपासणीची प्रत) वाचणाऱ्यांसाठी. खिळ्यांच्या चुका टंकलेखनाच्या चुकांहून वेगळ्या. काम संपल्यावर खिळे परत खणात टाकताना भ आणि म, घ आणि ध, ब आणि व यांची अदलाबदल होते, आणि पुढच्या कामात ती चूक एकदा नाही, पाच-सहा ठिकाणी उगवते. म्हणून एक "घन" चा "धन" दिसला की तो खण पूर्ण तपासायला सांगा. दुरुस्तीनंतर फक्त ती ओळ वाचून थांबू नका, खालची-वरचीही वाचा. खिळा उपटताना शेजारचा सोबत निघतो आणि परत उलटा बसतो.

फर्मा
सुंदर कामांसोबत रोजच्या कामाचं यंत्र म्हणूनही हे टिकलं आहे, तेही लिहायला हवं. गावोगावच्या छापखान्यांत ट्रेडल आणि हायडेलबर्ग विंडमिल (स्वतः कागद उचलणारं लेटरप्रेस यंत्र) चालू आहेत त्या क्रमांक घालायला, छिद्ररेषा मारायला, घडी पाडायला आणि डायने आकार कापायला. कार्बनविरहित कागदाच्या तीन प्रतींच्या पावतीपुस्तकावर नंबरिंग बॉक्सचा एक ठोका पडला की तोच क्रमांक तिन्ही प्रतींवर उमटतो. डिजिटल यंत्रावर प्रत्येक प्रत वेगळी छापून मग जुळवावी लागते आणि एक ताव इकडेतिकडे झाला की पुढचं पुस्तक चुकतं. विंडमिलला २६ × ३८ सेमीपर्यंतचा ताव जातो आणि ती ताशी ५००० च्या घरात पळते.

नंबरिंग बॉक्सचा दांडा खिळ्याहून जरा उंच असतो, तो दबला की आकडा पुढे सरकतो. रोलरने त्यात शाई भरली की चाक अडतं आणि एकच क्रमांक दोनदा येतो. रोज संध्याकाळी रॉकेलने धुवा, मग यंत्राच्या पातळ तेलाचे दोन थेंब.

दहा_पॉइंट
सुरक्षिततेचं राहिलं. जुन्या खिळ्यांवर पांढरी भुकटी दिसली तर ती शिशाची आहे. फुंकू नका, कोरड्या ब्रशने झाडू नका, ओल्या फडक्याने पुसा आणि फडकं वेगळं टाका. खिळ्यांच्या केसांजवळ खाणं-पिणं नाही, काम झाल्यावर साबणाने हात. मुलांना खिळे जुळवायला द्यायचे असतील तर लाकडी मोठी अक्षरं द्या. ट्रेडलमध्ये निसटलेला कागद पकडायला हात घालायचा नाही, दाब तोडायचा दांडा ओढायचा आणि तो ताव जाऊ द्यायचा.

कागदवेडी
पावसाळ्यात शाई दोन दिवस वाळत नाही. काय करावं?

फर्मा
आधी शाई कोणती ते बघा. रबरबेस शाई डिस्कवर (शाई पसरायच्या थाळीवर) दिवसभर ओली राहते म्हणून सोयीची, पण ती कागदात मुरून बसते. न मुरणाऱ्या गुळगुळीत कार्डावर ती पुसली जाणारच, तिथे तेलाची शाई घ्या. तेलाच्या शाईत कोबाल्ट ड्रायर अगदी थोडा, शंभर ग्रॅमला एक-दोन ग्रॅम. जास्त घातला तर शाई रोलरवरच साय धरते.

दुसरं, शाई बहुधा जास्त चढते आहे. चण्याएवढ्या शाईने सुरुवात करा आणि कान द्या. थर बरोबर असेल तर रोलर डिस्कवरून हलका सळसळत जातो, जास्त असेल तर चटचट आवाज येतो. रोलरची उंचीही तपासा, मापाच्या पट्टीवर शाईची रेघ ३ मिमी रुंद पडली पाहिजे. रुंद पडली तर रोलर खाली आहे, तो अक्षराच्या अंगालाही शाई फासतो आणि तीच कडेला जाड राहून वाळत नाही. सरस आणि काकवीचे जुने रोलर असतील तर पावसाळ्यात ते दमटपणा पिऊन फुगतात, तेव्हा ते बाजूला ठेवून रबरी लावा.

प्रतींचा ढीग उंच करू नका. पन्नास-पन्नासचे थर, मध्ये कोरा ताव, आणि घडी तिसऱ्या दिवशी.